दारची जास्वंद : जुनी आणि नवी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



पूर्वी जास्वंद कुणी विकत आणत नसे. शेजारणीकडून एक फांदी मागून आणायची, पावसाच्या तोंडावर कुंपणाशी खोचायची आणि विसरून जायचं. वर्षा-दीड वर्षात गणपतीसाठी घरचं फूल तयार. मग आपल्या झाडाची फांदी दुसऱ्या शेजारणीकडे जायची. अशी फांदीफांदीने ही जास्वंद गावभर पसरली. या साध्या व्यवहारात एक मोठी गोष्ट दडलेली आहे, ती लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

मी पनवेलजवळ करंजाडेला राहतो. गाढी नदीच्या काठचं हे मूळ गाव. नावातच करंज आहे. आता तिथे सिडकोची वसाहत आहे, सेक्टर आहेत, सहा-सात मजली इमारती आहेत. २००९ मध्ये आम्ही इथे राहायला आलो तेव्हा सोसायटीच्या गच्चीवर मी सात-आठ कुंड्या ठेवल्या. त्यांतल्या तीन जास्वंदीच्या होत्या. एकदा तळमजल्यावरची एक मुलगी शाळेतून भेंडीच्या फुलाचं चित्र काढून आली. तिने विचारलं, "काका, भेंडीचं आणि जास्वंदीचं फूल सारखंच दिसतं. मग भेंडीला भेंडी येते, तसं जास्वंदीला काय येतं?"

मला उत्तर देता आलं नाही. पन्नाशीपर्यंत हजारो जास्वंदी तोडल्या असतील, पण जास्वंदीचं फळ मी पाहिलेलं नव्हतं. तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलं आहे, आठवून बघा.

मुलीचं निरीक्षण बरोबर होतं. भेंडी, कापूस, अंबाडी आणि जास्वंद ही एकाच कुळातली मंडळी. कापसाला बोंड येतं, तसंच लहानसं बोंड जास्वंदीलाही येऊ शकतं. पण आपल्या दारच्या जास्वंदीला ते क्वचितच धरतं. याची कारणं दोन-तीन आहेत. पहिलं कारण त्या शेजारणीच्या फांदीत आहे. फांदी लावून वाढवलेलं झाड हे नवं झाड नसतंच, जुन्या झाडाचाच तो वाढलेला भाग असतो. म्हणजे एका आळीत वीस घरांत वीस लाल जास्वंदी असतील, तर बहुधा ती वीस ठिकाणी उभी असलेली एकच जास्वंद असते. वारा, मुंग्या, शिंजीर पक्षी हे पराग इकडून तिकडे नेतात, पण ते नेतात ते पुन्हा स्वतःकडूनच स्वतःकडे. दुसरं कारण, या झाडाच्या पेशींतलं गुणसूत्रांचं गणित फार गुंतागुंतीचं आहे. माणसात गुणसूत्रं ४६, हे आपण शाळेत शिकतो. जास्वंदीत मात्र ही संख्या जातीनुसार बदलते. साधारण ३६ पासून दीडशेच्याही पुढे जाते. ज्यांच्यात ही संख्या विषम किंवा बेमेळ असते, त्यांना बी धरणं अवघड जातं. आणि ज्या दुहेरी पाकळ्यांच्या जास्वंदी आपण कौतुकाने लावतो, त्यांच्यात पुष्कळसे पुंकेसर पाकळ्याच होऊन बसलेले असतात. तिथे पराग कुठून येणार?

गंमत म्हणजे ही जास्वंद, जिला आपण इतकं आपलं मानतो, ती जंगलात रानटी अवस्थेत निःसंशयपणे कुठे सापडल्याचं कुणी दाखवलेलं नाही. लिनियसने १७५३ मध्ये तिला 'चिनी गुलाब' अशा अर्थाचं नाव दिलं, ते ती चीनमधल्या बागांत दिसली म्हणून. अलीकडच्या अभ्यासकांचं मत असं आहे, की प्रशांत महासागरातल्या बेटांवर, वानुआतूची एक आणि ताहितीकडची एक, अशा दोन जास्वंदींच्या संकरातून ती झाली असावी आणि युरोपीय माणूस तिथे पोचण्याच्या कितीतरी आधी पॉलिनेशियन लोकांनी ती घडवली असावी. म्हणजे आपल्या गणपतीच्या दूर्वांशेजारी जे फूल बसतं, तेच मुळी कुणीतरी, कधीतरी केलेला संकर आहे.

हे वाचल्यावर मनात आलं, आपणही करून बघू या.

जास्वंदीचं फूल जवळ घेऊन बघा. मधून एक लांब दांडा बाहेर येतो. त्या दांड्यावर पिवळे बारीक दाणे चिकटलेले असतात, ते परागकोश. आणि दांड्याच्या अगदी टोकाला पाच लहानशा मखमली गोंड्या असतात. त्या कुक्षी, म्हणजे फुलाचा स्त्रीभाग. नवी जात करायची म्हणजे एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या या पाच गोंड्यांवर लावायचे. ऐकायला पाच मिनिटांचं काम आहे.

आदल्या संध्याकाळी, उद्या उमलणार अशी कळी निवडायची. पाकळ्या हलकेच उघडून बारीक कात्रीने तिचे परागकोश काढून टाकायचे, म्हणजे तिचे स्वतःचे पराग तिला लागत नाहीत. वर मलमलीची लहान टोपी घालायची. सकाळी आठ-नऊच्या सुमारास, ऊन चढायच्या आत, दुसऱ्या झाडाचं ताजं फूल आणून त्याचा दांडा या गोंड्यांवर फिरवायचा. पराग चिकटले की गोंड्या पिवळ्या दिसतात. मग देठाला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची : तारीख, आई कोण, बाप कोण. चार-पाच दिवसांत पाकळ्या गळून जातात. देठासकट सगळंच गळलं, तर फसलं. पण पाकळ्या गळूनही मागची हिरवी वाटी झाडावर टिकली आणि फुगू लागली, तर समजायचं की धरलं. बोंड पिकायला दीड ते दोन महिने लागतात. ते तपकिरी होऊन तडकायच्या बेतात आलं की काढायचं. आत मिरीएवढं, अंगावर लव असलेलं बी असतं. त्याच्या टणक सालीला ब्लेडने किंचित टोचा मारून पेरलं, की आठ-पंधरा दिवसांत उगवतं.

मी सुरुवात केली २०११ च्या हिवाळ्यात. कोकणच्या उन्हाळ्यात पराग लवकर मरतात आणि पावसाळ्यात भिजून जातात, त्यामुळे आमच्याकडे ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हाच हंगाम. पहिल्या वर्षी पन्नासेक फुलांना पराग लावले. एकही बोंड धरलं नाही. दुसऱ्या वर्षी तीन धरली. त्यांतून चौदा रोपं झाली. ती एकामागून एक फुलायला लागली, तेव्हा घरातल्यांनाही माझ्या या छंदाचं पहिल्यांदा कौतुक वाटलं. कारण एकाच बोंडातून निघालेली सख्खी भावंडं, पण एक पिवळं, एक फिकट गुलाबी, एक विटकरी, एक कळकट जांभळं. दोन रोपं कोणासारखीच नव्हती. जास्वंद अनेक पिढ्यांची सरमिसळ पोटात घेऊन असते, त्यामुळे बियांतून काय निघेल याचा नेम नसतो. म्हणूनच चांगली जात मिळाली, की ती पुढे वाढवायची फांदीने किंवा कलमाने. बियांनी नव्हे.

त्या चौदांमधलं एक फूल विलक्षण होतं. पसरलेल्या पंज्याहून मोठं, कडेला पिवळं, आत गुलाबी आणि मध्ये गर्द लाल डोळा. नर्सरीत 'पुणे जास्वंद' किंवा 'ऑस्ट्रेलियन जास्वंद' म्हणून जी मोठ्या फुलांची कलमं मिळतात, त्यांच्या तोडीचं. मी हवेत तरंगत होतो. बाकीची तेरा रोपं वाटून टाकली आणि त्या एकाची कलमं बांधत सुटलो. सोसायटीच्या बैठकीत मी स्वतःहून सांगितलं, की भिंतीलगतच्या पट्ट्यातला मेंदीचा कुंपणवाफा काढा, तिथे करंजाडेत जन्मलेली जास्वंद लावू या. लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवून वर्गणी काढली. २०१५ च्या जूनमध्ये आम्ही बारा झाडं लावली.

पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांतली नऊ मेली होती. उरलेली तीन काठीला बांधलेल्या आजाऱ्यासारखी उभी होती.

श्रोतेहो, आमच्याकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही चार महिन्यांत. वसाहतीची जमीन भरावाची. वर मुरूम, खाली चिकण. पाणी साचलं की मुळं कुजतात. ते एवढं मोठं फूल पहिल्या सरीतच ओल्या रुमालासारखं लोंबायचं आणि त्याच्या वजनाने फांदी वाकायची. पाऊस संपला की पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलिबग, पांढऱ्या कापसासारखा शेंड्याशेंड्यावर बसायचा. गच्चीवर मी रोज सकाळी एकेक पान पुसत होतो, म्हणून ते रोप राजासारखं वाढलं होतं. खाली त्याला पुसणारं कुणी नव्हतं. सोसायटीने मला दोष दिला नाही. पण तिथे पुन्हा मेंदी लावताना माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, ते जास्त लागलं.

माझी चूक काय झाली, ते मला द्रुतगती मार्गावर कळलं. कळंबोलीहून पुण्याकडे निघालं, की दुभाजकावर बोगनवेल दिसते. डिझेलचा धूर, तापलेला रस्ता, कातरणारी माणसं आणि तरीही रंग. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतली. १७६० च्या दशकात फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हील जगप्रवासाला निघाला, त्याच्या जहाजावरच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती ब्राझीलच्या किनाऱ्यावर दिसली. आपण जिला तिची फुलं म्हणतो, ती खरं तर रंगीत पानं आहेत, म्हणून ती आठवडेच्या आठवडे टिकतात. जास्वंदीचं फूल मात्र बहुधा एका दिवसाचं. भारतात बोगनवेलीवर फार मोठं काम झालं आहे. 'मेरी पामर' ही एकाच झाडावर पांढरा आणि किरमिजी असे दोन्ही रंग दाखवणारी जात कोलकात्याच्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत १९४९ मध्ये मिळाली. कुणी संकर केला नव्हता. एका झाडाची एक फांदी आपणहून वेगळी निघाली आणि बघणाऱ्याचं तिकडे लक्ष गेलं, एवढंच. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात डॉ. त्रि. ना. खोशू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात वेगळीच वाट काढली. काही बोगनवेली वांझ होत्या. त्यांनी कोल्चिसिन नावाचं द्रव्य वापरून गुणसूत्रांचे संच दुप्पट केले आणि जी झाडं बी धरत नव्हती, ती आई-बाप होऊ शकली. हे कोल्चिसिन आपल्या कोकणात पावसाळ्यात कुंपणावर चढणाऱ्या कळलावीतही असतं.

या सगळ्या जातींत फूल सुंदर आहेच. पण दुभाजकावर टिकतं ते झाड. मी पहिल्या सकाळी फूल बघून निवड केली होती. बागेत वर्षानुवर्षं राहणाऱ्या झाडाची निवड तिसऱ्या पावसाळ्यानंतर करायची असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. बंगळुरूजवळ हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत जास्वंदीचे कितीतरी संकर झाले. 'तिलोत्तमा', 'रत्ना', 'फुलकारी' अशी त्यांची नावं. पण बंगळुरूची हवा वेगळी आणि पनवेलची वेगळी. इथल्या पावसासाठी इथलंच रक्त हवं होतं.

आणि ते माझ्या ताईच्या दारात होतं.

ताईचं सासर नवी मुंबई विमानतळासाठी ज्या दहा गावांना हलावं लागलं, त्यांतल्या एका गावात. तिच्या पडवीसमोर एक जास्वंद होती. एकेरी, पाच पाकळ्यांची, लाल. फूल जेमतेम वाटीएवढं. तिच्या सासूबाईंच्याही आधीची. कुणी तिला कधी खत घातलं नाही. खाडीचं मचूळ वारं, गुरांनी खाणं, पोरांनी फांद्या मोडणं, सगळं सोसून ती छपराला टेकली होती. नव्या जातींच्या नादात इतकी वर्षं मी त्या झाडाकडे 'गावठी' म्हणूनच पाहत आलो होतो.

२०१८ मध्ये गाव रिकामं व्हायला लागलं. घरं पाडली जात होती. मी मे महिन्याच्या शेवटी गेलो. ताई म्हणाली, "तुला पाहिजे तेवढ्या फांद्या ने. माझ्या नव्या घरापुढे गाडी लावायचीच जागा आहे, माती नाही. पण एक लक्षात ठेव, तिथं जागा झाली की मला हीच जास्वंद पाहिजे. दुसरी नको." मी दहा फांद्या आणल्या, चार जगल्या. दोन शेजारी दिल्या, त्या लवकरच गेल्या. माझ्याकडे दोन राहिल्या. आठवड्याभराने गेलो तेव्हा पडवीच्या जागी सपाट माती होती.

२०१९-२० च्या हिवाळ्यात ताईच्या जास्वंदीला पहिली भरपूर फुलं आली. तिच्यावर बोंड धरवायचे सगळे प्रयत्न फसले. मग मी उलट केलं. तिचे पराग घेऊन माझ्या दोन संकरित जास्वंदींवर लावले. साठेक फुलांतून चार बोंडं टिकली. एकतीस बिया मिळाल्या, बावीस उगवल्या आणि टाळेबंदीच्या त्या वर्षात गच्चीवरच रमायला मला चांगलं निमित्त मिळालं. २०२१ मध्ये सतरा रोपांना फुलं आली. या वेळी मी फुलांकडे फारसं पाहिलं नाही. वही केली. कोणाची फांदी नुसती मातीत खोचली तर मूळ धरते, कोणाच्या कळ्या पावसात गळत नाहीत, मिलिबग आला तरी कोण नवा शेंडा काढतं, कोणाचं वाळलेलं फूल आपणहून गळून पडतं, छाटल्यावर कोण खालपासून दाट फुटतं, या नोंदी सुरू केल्या.

पण याच वर्षी माझ्या हातून एक गोष्ट झाली. सतरा लेकरांच्या मागे लागलो आणि बापाकडे दुर्लक्ष झालं. ताईच्या जास्वंदीच्या दोन्ही कुंड्या मी जागा करण्यासाठी टाकीमागच्या कोपऱ्यात सरकवल्या होत्या. एका कुंडीचं भोक मातीने बुजलं, पावसाचं पाणी साचलं. दुसरीला मिलिबगने घेरलं. ऑगस्टअखेर मी पाहिलं, तेव्हा एकीची मुळं कुजली होती आणि दुसरीची साल सुटत होती. उरलेले हिरवे तुकडे लावून पाहिले. एकही जगला नाही.

ताईला सांगायला मी दोन महिने घेतले. दर फोनला वाटायचं, आज सांगू. शेवटी भाऊबीजेला सांगितलं. ती रागावली नाही. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "अरे, घर गेलं ते सरकारी कामात गेलं. हे झाड तुझ्याकडे सांभाळायला दिलं होतं."

श्रोतेहो, नवी जात करणाऱ्याने पहिलं काय करावं, तर जुनी जात दोन-तीन वेगळ्या जागी सांभाळून ठेवावी. हे मी त्या दिवशी शिकलो. मोठ्या संशोधन संस्था हेच करतात. त्यांच्याकडे जुन्या जातींचे संग्रह असतात, ते दिसायला साधे असतात आणि त्यांच्यावर होणारा खर्च बाहेरच्यांना फुकट वाटतो. पण उद्याचा संकर त्यातूनच निघतो. मी नवं करायच्या उत्साहात जुनं हातचं घालवलं. आणि ते माझं नव्हतंही.

सतरांपैकी सहा रोपं मी पुढे नेली. प्रत्येकाच्या फांद्या लावून तीन ठिकाणी झाडं लावली : सोसायटीच्या मागच्या बाजूला, पनवेलच्या एका शाळेच्या आवारात आणि कर्नाळ्याच्या बाजूला एका मित्राच्या शेतबांधावर. काठी लावायची नाही, औषध मारायचं नाही, दुसऱ्या वर्षापासून पाणीही आठवड्याला एकदाच, असा नियम केला. २०२२ च्या पावसाळ्यात दोन जाती बाद झाल्या. २०२३ मध्ये आणखी दोन. त्यांतल्या एकीचं फूल सगळ्यांत देखणं होतं. पुन्हा मोह झाला, पण वहीकडे पाहिलं आणि काट मारली. २०२४ चा पावसाळा संपला तेव्हा तिन्ही ठिकाणी धडपणे उभी होती ती एकच जात. वहीत तिचा क्रमांक अकरा.

अकरा नंबरचं फूल मोठं नाही. ताईच्या जास्वंदीहून थोडं रुंद. रंग शेंदरी, मध्ये किरमिजी ठिपका. एकेक फूल पाहिलं तर कुणी थांबून बघणार नाही. पण कंबरेएवढी कुंपणाची रांग केली, की रोज सकाळी त्या रांगेवर फुलं असतात आणि संध्याकाळी ती मिटून आपणहून खाली पडतात. पावसात पानं पिवळी पडत नाहीत. कातरली की दाट होते. एका रोपवाटिकावाल्याने पाहून सांगितलं, की एवढ्याशा फुलाला गिऱ्हाईक नाही. त्याचंही चुकीचं नाही. गिऱ्हाईक कुंडीतलं फूल बघून घेतं, तिसरा पावसाळा कुंडीवर लिहिलेला नसतो.

मला बरेच जण विचारतात, हिचं पेटंट घेतलं का? आपल्याकडे यासाठी २००१ चा वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. जात नवी, इतरांपेक्षा वेगळी, एकसारखी आणि स्थिर आहे, हे चाचण्यांतून दाखवावं लागतं. सरकारने सूचित केलेल्या वनस्पतींचीच नोंदणी होते. आणि अर्जाच्या एक वर्षाहून आधी ती देशात विकायला सुरुवात केली असेल, तर ती नवी मानली जात नाही. व्यवसाय म्हणून करणाऱ्याने हे सगळं आधी नीट समजून घ्यावं. नुसतं नाव नोंदवायचं असेल, तर जास्वंदीच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंदणी ऑस्ट्रेलियातली जास्वंद संस्था पाहते. मी अजून काहीच केलेलं नाही. कारण नाव द्यायचं, तर ते ताईला विचारून द्यायचं होतं.

२०२४ च्या नोव्हेंबरात मी अकरा नंबरचं एक झाड घेऊन तिच्याकडे गेलो. वडघरला तिच्या नव्या घरापुढे फरशीच्या कडेने तिने हातभर मातीची पट्टी करून घेतली होती. झाड पाहून ती म्हणाली, "गणपतीला लाल लागतं. पण शेंदूर काही परका नाही. लाव." मग आत गेली आणि म्हणाली, "आता मी तुला एक दाखवते."

चार घरं सोडून तिच्याच जुन्या गावातल्या एक आजी राहतात. त्यांच्या पाण्याच्या टाकीशेजारी, तेलाच्या डब्यात, एकेरी लाल जास्वंद उभी होती. वाटीएवढं फूल. तीच पानं, तोच देठाला असलेला काळपटपणा. आजी म्हणाल्या, "ही तुझ्या ताईच्या सासूनेच मला दिली होती. मी नवी नवरी होते तेव्हा." गाव सोडताना त्यांनी भांड्याकुंड्यांबरोबर एक फांदी फडक्यात गुंडाळून आणली होती.

मी सुरुवातीला म्हटलं ना, की आळीतल्या वीस जास्वंदी ही वीस ठिकाणी उभी असलेली एकच जास्वंद असते. बी न धरणारी, म्हणून मी जिला कमनशिबी समजत होतो, ती याच कारणाने वाचली होती. गच्चीवर माझ्या हातून मेलेली आणि या डब्यात उभी असलेली, ही दोन झाडं नव्हतीच. ताईच्या पट्टीत आता दोन्ही आहेत, जुनी आणि नवी शेजारी शेजारी. तिसरी कुंडी माझ्याकडे आहे, चौथी शाळेत आणि पाचवी बांधावर. पुन्हा कोपऱ्यात सरकवायची नाही, असं ठरवलं आहे.

२०२५ च्या डिसेंबरपासून विमानतळावरून विमानं उडू लागली आहेत. ताईच्या पडवीची जागा आता कुंपणाच्या आत नेमकी कुठे आली, ते तिला सांगता येत नाही. अकरा नंबरचं नावही अजून ठरलेलं नाही. ती म्हणते, घाई काय आहे, अजून दोन पावसाळे बघ.

तुम्हाला हे करून पाहायचं असेल, तर येता हिवाळा चांगला. दोन वेगवेगळ्या एकेरी जास्वंदी, एक बारीक कात्री, थोडा दोरा आणि एक वही एवढं पुरे. पहिल्या वर्षी काही धरलं नाही, तर निराश होऊ नका. धरलं, तर पहिल्या फुलावर भाळू नका. आणि दारात जुनी जास्वंद असेल, तर या पावसाच्या तोंडावर तिची एक फांदी शेजारी नक्की द्या.